कुंकू लावलेलं कुलूप

खंडेनवमीला सर्व्हरचं अपग्रेड करायचं, ही कल्पना माझ्या साहेबांची, मुकुंदसरांची. तशी ती चुकीची नव्हती. चाकणचे कारखाने वर्षभर दम खात नाहीत. थांबतात ते खंडेनवमीच्या पूजेला, आणि दसरा झाल्यावरच परत सुरू होतात. तेवढ्या फटीत आपलं काम उरकून घ्यायचं. लोक सणाला श्रीखंड खातात, आम्ही लोकांचे सर्व्हर बंद-चालू करतो. माझ्या नोकरीचं हे वर्णन एकदा आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तुझ्यापेक्षा वॉचमन बरा. त्याला निदान प्रसाद तरी मिळतो."

मी बसते आकुर्डीच्या ऑफिसात. सर्व्हर तिकडे चाकणला, आम्ही इकडे, मधे तळवड्याचा ट्रॅफिक. त्यामुळे उठून जायचा प्रश्नच नसतो, जे काय करायचं ते इथूनच. आम्ही सांभाळतो त्यातला एक कारखाना अण्णासाहेबांचा. गाड्यांचे पत्र्याचे भाग तिथे दाबून काढतात. माझा धाकटा भाऊ सनी तिथेच मेंटेनन्सला फिटर आहे. 'होता' म्हणायला अजून जीभ वळत नाही.

त्या कारखान्याचं स्टोअर बघण्यासारखं आहे. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रॅक, मधे अरुंद गल्ली, आणि गल्लीतून रुळावर धावणारी क्रेन. क्रेनवर माणूस नसतो. कुठल्या खणातून कुठला बिन, म्हणजे मालाचा खोका, काढायचा आणि कुठे नेऊन ठेवायचा, ते सर्व्हर सांगतो. हा सर्व्हर मधेच बंद पडला, तर परत सुरू झाल्यावर आधी राहिलेलं काम पुरं करतो. आमच्या घरातल्या पुरुषांनी त्याच्याकडून शिकावं, असं मी म्हणायचे. फक्त एक गोष्ट त्याला कळत नाही. गल्लीत कोणी उभं आहे का, ते.

म्हणून तिथे नियम आहे. गल्लीत जायचं तर क्रेनच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. प्रत्येक फिटरला एक लाल कुलूप, त्याला लटकवलेल्या पट्टीवर त्याचा फोटो आणि नाव. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. कुलूप असेपर्यंत दांडा वर जातच नाही, मालकाने ओढला तरी नाही. आणि आम्ही स्टोअरचा प्रोग्राम सुरू करायच्या आधी त्या कुलपाचा फोटो कारखान्याच्या आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला पाहिजे. हा दुसरा नियम मी भांडून करून घेतला होता. गल्लीच्या दाराला सेन्सरही होता, दार उघडलं की क्रेन थांबावी म्हणून. पण क्रेन सारखी थांबते म्हणून कोणीतरी कधीचं त्यावर चुंबक चिकटवून त्याला दार कायम बंद भासवलं होतं. म्हणजे भरवसा ठेवायला राहिलं काय, तर कुलूप.

त्या दिवशी सकाळी सनीने मला व्हिडिओ पाठवला. लांबलचक टेबलावर लाल कापड, देवीची तसबीर, झेंडूच्या माळा. समोर पाने, हातोड्या, ग्राइंडर, मल्टिमीटर, सगळं धुऊनपुसून मांडलेलं. खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. फिटर ज्या ज्या गोष्टीला हात लावतो ते सगळं त्याचं हत्यार, त्यामुळे एका ओळीत सगळ्यांची लाल कुलपंही आली होती. स्टोअरचे आबाजी ताम्हन घेऊन एकेकाला ओलं कुंकू लावत होते. आबाजींचा हात सढळ. सनीच्या पट्टीवरच्या फोटोचं कपाळ, नाक, सगळं लाल झालं होतं. मागून सनीचा आवाज आला, "ताई, बघ, माझी पण पूजा झाली. आता उत्तरपूजा होईस्तोवर मला कुणी कामाला लावायचं न्हाय."

पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आमच्या घरी ही पूजा नसते. आमचा दसरा वेगळा; पांढरी साडी नेसून आई आणि मी देहूरोडच्या विहारात जातो, सनी पांढरा शर्ट घालून कुरकुरत मागून येतो. पण कंपनीतल्या पूजेला तो दरवर्षी उभा राहायचा. माळा बांधायला पुढे, प्रसाद वाटायला पुढे, टाळ्या वाजवायला सगळ्यांत पुढे. त्यावरून त्याला तिथे कोणी कधी चकार शब्द बोललेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगून ठेवते.

आम्हाला बदलायचं होतं ते कर्नेल. सर्व्हरच्या सिस्टिमचा तो गाभा. डिस्क असो, नेटवर्क असो, सगळ्यांशी बोलणं त्याच्यामार्फत. नवं कर्नेल चढवायचं आणि सर्व्हर रिस्टार्ट करायचा. उठला तर ठीक. नाही उठला, तर लांब बसलेल्या माणसाने करायचं काय? म्हणून मी जुनं कर्नेल काढून टाकत नाही. सर्व्हरला सांगून ठेवते, नवं एकदाच वापरून बघ, नाही जमलं तर पुढच्या खेपेला मुकाट्याने जुनं घे. आणि उठल्या उठल्या स्टोअरचा प्रोग्राम आपोआप सुरू होणार नाही, अशीही सोय करते. सर याला माझा भित्रेपणा म्हणतात. त्यांचा स्वभाव तसा चांगला आहे, फक्त त्यांना थांबणं सहन होत नाही. त्या दिवशी ते पुनावळ्याला घरूनच लॉगिन झाले होते, कारण दुपारनंतर त्यांना बायकोबरोबर बाहेर जायचं होतं.

क्रेन रिकामी उभी आहे हे मी स्क्रीनवर बघितलं. तरी आबाजींना फोन केला. ते म्हणाले, "उभीच हाय. निवांत करा तुमचं." मी नवं कर्नेल चढवलं आणि रिस्टार्ट दिला.

नेमकं तेव्हाच अण्णासाहेब आरतीसाठी आले. कारखान्यात जो नवा माल निघतो, त्यातला पहिला बॉक्स देवीपुढे ठेवायचा, ही त्यांची वडिलांपासूनची पद्धत. तेव्हा शेतातली पहिली कणसं असायची, आता पत्र्याचे भाग. त्यांनी आबाजींना बॉक्स काढायला सांगितलं आणि आबाजींनी क्रेनच्या पॅनेलवरचं बटण दाबलं. माझा सर्व्हर बंद होता होता त्याने शेवटचं ऐकलं ते एवढं. क्रेन निघाली, वरच्या खणातून बिन अर्धा ओढला, आणि सर्व्हर गेला. क्रेन तिथेच लटकली.

इकडे मला यातलं काही माहीत नव्हतं. मला माझीच चिंता होती, कारण सर्व्हर उठत नव्हता. सर्व्हरमध्ये एक वेगळं कार्ड असतं. सर्व्हर मेला तरी ते जागं असतं आणि त्यातून इथे बसून तिथली स्क्रीन दिसते, पॉवरचं बटणही दाबता येतं. त्या काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी अडकून पडल्या होत्या. नव्या कर्नेलला डिस्कच सापडत नव्हती. डिस्कच्या ड्रायव्हरचा तुकडा त्याच्याबरोबर बांधलाच गेला नव्हता. अंधाऱ्या घरात शिरावं आणि दिव्याचं बटण हाताला लागू नये, तसं त्याचं झालं होतं.

"काय झालं?" फोनवर मुकुंदसर.

"नव्यावर उठला नाही. जुन्यावर आणते."

"लवकर आण."

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या फोनवर सनी. "ताई, तुझ्या सर्व्हरनं क्रेन मधेच सोडली. बिन तिरका झालाय. अण्णासाहेब आरतीला खोळंबलेत. मी आत जाऊन हातानंच सरळ करतो."

"अण्णासाहेबांना सांग, देवीला घाई नाही."

"तूच सांग की. तुझं तोंड चालतंय."

"सनी, स्विच खाली ओढ, कुलूप लाव, फोटो टाक. त्याशिवाय मी प्रोग्राम सुरू करणार नाही."

तो जरा थांबला. ते थांबणं आता मला रोज ऐकू येतं. तेव्हा वाटलं, रेंज गेली.

"हां," तो म्हणाला. "टाकतो."

मी कार्डावरून सर्व्हर रिसेट केला. ठरल्याप्रमाणे या खेपेला त्याने जुनं कर्नेल घेतलं. ओळी भराभर पळाल्या, डिस्क सापडली, लॉगिन आलं. मी खुर्चीत मागे टेकले. आमच्या कामात यश म्हणजे हेच, की काही घडलंच नाही असं दिसावं. मग डिस्क तपासायला घेतली आणि तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. स्विच खाली, दांड्याला लाल कुलूप, पट्टीवर सनीचा हसरा चेहरा.

"आला फोटो," सर म्हणाले. "कर सुरू."

"डिस्क बघून होऊ दे."

"नेहा, सर्व्हर उठला, डिस्क दिसतेय, फोटो आला. अण्णासाहेबांचा मला सारखा फोन येतोय. अजून काय हवंय तुला?"

काय हवंय ते मलाही सांगता येईना. फोटोत सगळं जागच्या जागी होतं आणि तरी काहीतरी खटकत होतं. मी तो मोठा करून बघितला. सनीचं कपाळ, सनीचं नाक, सनीचे पुढे आलेले दात. सगळं स्वच्छ.

कुंकू नव्हतं.

ओलं कुंकू त्या पट्टीवरून असं पुसलं जात नाही, डाग राहतोच. हा फोटो आजचा नव्हताच. कधीतरी काढून फोनमध्ये ठेवलेला, लागेल तेव्हा टाकायला. चाकणला सगळे असंच करतात. ग्राहकाला रोजच्या साफसफाईचा फोटो लागतो, तर एकदा मन लावून झाडलेल्या फरशीचा फोटो पुढे महिनाभर चालतो. सनीने हे मला घरी जेवताना सांगितलं होतं आणि आम्ही दोघं हसलो होतो.

"सर, सुरू करू नका. हा फोटो जुना आहे. कुलपाला कुंकू नाही."

"काय नाही?"

"कुंकू. आज सगळ्या कुलपांना कुंकू लावलंय."

सर हसले. "तू कधीपासून कुंकू बघायला लागलीस?"

त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. घाईत असले की ते असेच विनोद करतात. मी सनीला फोन लावला. वाजत राहिला. गल्लीत मोबाइल न्यायचा नाही, हाही नियमच आहे, आणि तो त्याने पाळला होता. मी सरांना परत म्हणाले, "सर, ऐका, सनी आत आहे," आणि म्हणता म्हणता माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली. पुनावळ्यातून प्रोग्राम सुरू झाला होता. त्याने अर्धं राहिलेलं काम शोधलं आणि पुढे चालू केलं.

प्रोग्रामला थांब म्हणून सांगितलं असतं, तर तो हातातलं काम संपवून सभ्यपणे थांबला असता. मला ते नको होतं. मी कार्डावर गेले आणि सर्व्हरची पॉवर तोडायचं बटण दाबलं. त्याने विचारलं, खात्री आहे का? आहे. स्क्रीन काळी झाली. आत्ताच जिवंत केलेला सर्व्हर मी माझ्या हाताने मारला आणि सनीला फोन लावत राहिले.

शेवटी उचलला तो आबाजींनी. मागे लोक ओरडत होते. "ताई," आबाजी म्हणाले, आणि फोन चालू ठेवूनच ते धावत गेल्याचं ऐकू आलं.

नंतर सगळं कळत गेलं, तुकड्यातुकड्याने. सनीने स्विचचा दांडा खाली ओढला होता, तेवढं केलं होतं. कुलूप लावलं नव्हतं. तो आत गेल्यावर आबाजी ताम्हन घेऊन पॅनेलला कुंकू लावायला आले. बघतात तर पॅनेलचा दिवा बंद. पूजेच्या दिवशी यंत्र असं मेल्यासारखं नको, दिवा लागलेला पाहिजे, म्हणून, कुलूप नाही म्हणजे आत कोणी नाही असं धरून, त्यांनी दांडा वर केला, कुंकू लावलं आणि नमस्कार केला. आबाजींनी पूजा केली. मुकुंदसरांनी फोटो बघून प्रोग्राम सुरू केला. ज्याने त्याने आपापलं बरोबर केलं, आणि क्रेन माझ्या भावाच्या अंगावर गेली.

ती थांबली ती त्याच्या उजव्या हातावर. सर्व्हर मी बंद केलेला, त्यामुळे ती मागे कोण घेणार? हँडल लावून हाताने फिरवत मागे आणावी लागली, इंच इंच. तोवर तो तसाच होता. डॉक्टर म्हणाले, आणखी पुढे आली असती तर छाती सापडली असती. आणि लगेच मागे घेता आली असती तर हात कदाचित वाचवता आला असता. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. मनगटाच्या वरून हात काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आई पांढरी साडी नेसूनच हॉस्पिटलात आली. विहारात जाणार होती ती, की दुसरं काही सुचलंच नाही, मी विचारलं नाही. सिस्टर वॉर्डभर आपट्याची पानं वाटत होती. आईच्या हातात पान ठेवून म्हणाली, "सोनं घ्या मावशी." आईने ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि सनीच्या उशीखाली ठेवलं.

मुकुंदसर येऊन गेले. कॉरिडॉरमध्ये उभे राहून म्हणाले, "फोटो आला होता, नेहा." मी म्हणाले, "हो सर." ते रडत होते, हेही खरं. मला त्यांचा राग आला होता, अजून येतो, आणि त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी त्याने तेच केलं असतं, हे कळून तो कमी होत नाही.

सनी शुद्धीवर नीट आला, तेव्हा मी त्याला विचारलं. विचारायला नको होतं, पण माझं तोंड चालतं, हे त्यानेच म्हटलंय.

"कुलूप का नाही लावलंस?"

"पूजेत होतं."

"तू कधीपासून पूजा मानायला लागलास?"

"न्हाय मानत. म्हणून तर." तो छताकडे बघत होता. "दुसऱ्या कुणी उचललं असतं तर देवीला नमस्कार करून उचललं असतं. चालून गेलं असतं. मी उचललं असतं, तर म्हणले असते, ह्याला काय त्याचं. ह्यांच्यात कुठं असतंय."

"कोण म्हणालं असतं?"

त्याने विचार केला. खरंच केला, एकेक तोंड आठवत असावा. आबाजी, बाकीचे फिटर, अण्णासाहेब.

"कुणीच न्हाय," तो म्हणाला. "पण वाटलं."

तो खाटेवर नसता, तर मी त्याला एक ठेवून दिली असती. कोणी काही बोललं असतं, तर त्याच्या दारात जाऊन मी तमाशा केला असता. तेवढी माझी तयारी आहे. पण कोणी बोललंच नव्हतं. न बोललेल्या गोष्टीशी भांडायचं कसं? आणि मी तरी कुठली शहाणी. ऑफिसात सत्यनारायण असतो, तेव्हा मी प्रसाद घेताना बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच वाकते. का वाकते, ते मी स्वतःला कधी विचारलेलं नाही. आम्ही दोघं बहीण-भाऊ एकाच घरात वाढलो.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला, पण माल निघेना. मी पॉवर तोडली तेव्हा सर्व्हर डिस्कवर लिहीत होता. आता तो जुन्या कर्नेलवरही उठत नव्हता. लांबून होण्यासारखं काही उरलं नव्हतं. सर म्हणाले, "दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो. तू जाऊ नकोस." मी म्हणाले, मी पाडलाय, मीच उठवते.

गेटवरच अण्णासाहेब भेटले. "तू कशाला आलीस पोरी? दुसरं कुणी न्हाई का तिकडं?" त्यांचा आवाज बसला होता. मी म्हणाले, काम आहे.

स्टोअरमध्ये सगळं तसंच होतं. त्या दिवशी आरती झाली नव्हती, नंतर उत्तरपूजा करायला कोणाचा हात धजला नव्हता. टेबलावर झेंडू काळे पडले होते, देवीपुढची बॉक्सची जागा रिकामी होती, आणि लाल कुलपं ओळीने मांडलेली. फिटर लोक भिंतीला टेकून उभे होते, काम नसलेल्या माणसांसारखे. आबाजी कोपऱ्यात स्टुलावर बसून होते. मला बघून उठले आणि परत बसले. क्रेनच्या स्विचचा दांडा खाली होता, आणि तो वर जाऊ नये म्हणून कोणीतरी त्याला सुतळी गुंडाळली होती.

सर्व्हर उठवताना काय होईल, ते कोणी सांगू शकत नाही. मला डिस्कवरचं अर्धवट काम आधी काढून टाकायचं होतं, पण ते काढेपर्यंत क्रेनला वीज मिळता कामा नये.

"सुतळी चालणार नाही," मी म्हणाले. "कुलूप पाहिजे."

कोणी हललं नाही. मी पिशवीतून किल्ली काढली. हॉस्पिटलने सनीच्या पँटच्या खिशातल्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिल्या होत्या. पाकीट, कंगवा आणि ही. मी टेबलापाशी गेले. सनीचं कुलूप ओळीत मधे होतं, कुंकू वाळून त्याच्या चेहऱ्यावर पापुद्रे धरले होते. मी हात पुढे केला आणि मुद्दाम थांबले. सगळ्यांना वेळ दिला. एखाद्याने तरी घसा खाकरावा, एखाद्याने तरी दुसऱ्याकडे बघावं. मला ते हवं होतं. देवाशपथ सांगते, मी त्याची वाट बघत होते.

"घे की पोरी," मागून अण्णासाहेब म्हणाले. "त्यात काय एवढं."

मी कुलूप उचललं. बोटांना कुंकू लागलं. स्विचपाशी जाऊन दांड्याला ते अडकवलं, दाबलं, किल्ली खिशात टाकली. मग फोटो काढला आणि ग्रुपवर पाठवला. फोटोत कुंकू स्पष्ट दिसत होतं.

मग काम केलं. पेनड्राइव्हवरून सर्व्हर सुरू केला, डिस्कला आधी नुसतं वाचून बघितलं, तिची नक्कल काढली, मगच दुरुस्तीला हात घातला. अर्धं राहिलेलं ते काम सापडलं, एक ओळ होती. ती पुसली. जुन्या कर्नेलवर सर्व्हर उठला तेव्हा दुपार कलली होती. तोवर माझ्या परवानगीशिवाय त्या कुलपाजवळ कोणी फिरकलं नाही. निघताना कुलूप काढून मी माझ्याबरोबर आणलं, कोणाला विचारलं नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले, तर सनी डाव्या हाताने मोबाइल धरून पडला होता. डाव्या अंगठ्याला अजून सवय झाली नव्हती.

"फोटो बघितला," तो म्हणाला. "पूजेतलं उचललंस?"

"हो."

"कुणी उचलून दिलं?"

"मीच घेतलं."

 मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "कोण काय म्हणलं का?"

मी खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसले. आबाजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला, अण्णासाहेबांचा बसलेला आवाज कानात होता.

"म्हणाले ना," मी म्हणाले. "चांगलेच चिडले. अण्णासाहेब म्हणाले, तुमच्यात नसेल, आमच्यात असतं. आबाजींनी तर तोंडच फिरवलं. मी कोणाला जुमानते होय? पण बोलले सगळे."

सनीने मोबाइल छातीवर ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला.

"बघ," तो म्हणाला. "मला म्हाईतच होतं." आणि त्याने डोळे मिटून घेतले.